अंगणात किती वॅट लागतात? गिटारचा अँप, कॅबिनेट आणि पेडल्स निवडताना

या भागाचं हे शब्दांकन. ऐकताना आकडे निसटतात अशी बऱ्याच जणांची तक्रार असते, म्हणून या वेळी आकडे जरा नीट मांडलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा अख्खा भाग एका प्रश्नावर आहे. काशीदहून एका काकांचा व्हॉइस मेसेज आला. पर्यटकांसाठी त्यांच्या घरी चार-पाच खोल्या आहेत, पुढे अंगण, अंगणाच्या कडेला सुरूची झाडं. शनिवारी संध्याकाळी त्यांचा मुलगा पाहुण्यांसमोर इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि गातोही. तीस-पस्तीस माणसं असतात. आतापर्यंत मित्राचा छोटा अँप मागून आणून भागवलं, आता स्वतःचा घ्यायचाय. एका दुकानात त्यांना सांगितलं, उघड्यावर वाजवायचं म्हणजे १०० वॅटचा हेड आणि चार स्पीकरचं कॅबिनेट हवंच, वर पेडल्सचा एक संच घ्या. काकांचं म्हणणं, यात आमची दिवाळी ते मे अशी एका हंगामाची शिल्लक जाईल. घेऊ का?

माझं उत्तर आधीच सांगतो: नका घेऊ. का नको, आणि त्याऐवजी काय, ते आता पायरीपायरीने बघू. पण त्याआधी त्याच मेसेजमधली एक गोष्ट, जी काका जाता जाता बोलून गेले. गाताना मुलाचा ओठ माइकला लागला की कधी कधी झिणझिण्या येतात म्हणे. "आमच्याकडे हवाच दमट आहे ना, म्हणून असेल," असं त्यांनीच त्याचं उत्तरही देऊन टाकलं.

काका, दमट हवेमुळे नाही. सुरुवात इथूनच करायची.

पहिली खरेदी: अर्थिंग

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा नुसत्या तारा नसतात. त्या ब्रिजमधून केबलच्या बाहेरच्या जाळीला जोडलेल्या असतात, ती जाळी अँपच्या लोखंडी सांगाड्याला आणि तो सांगाडा प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेतून जमिनीला. माइकचंही तसंच: त्याची जाळी मिक्सरच्या सांगाड्याला, मिक्सर अर्थला. दोन्हीकडचं अर्थिंग शाबूत असेल तर तारा आणि माइक यांच्यात व्होल्टेजचा फरक नसतो. हात तारांवर, ओठ माइकवर, काही होत नाही.

पण बोर्डात अर्थची वायर जोडलेलीच नसेल, किंवा कुणी हमिंग घालवायला अँपच्या प्लगची जाड पिन काढून टाकली असेल, तर अँपचा सांगाडा अधांतरी राहतो. आतल्या फिल्टरमधून थोडी गळती होते, तिचा रस्ता मग मुलाच्या हातातून ओठापर्यंत जातो. झिणझिण्या त्याच. अँपच्या आत एखादी वायर सुटून सांगाड्याला टेकली, तर त्याच रस्त्याने पूर्ण २३० व्होल्ट जातात. पाय अनवाणी असतील, खाली ओली वाळू किंवा सारवलेलं अंगण असेल तर आणखी वाईट.

हे घाबरवायला सांगत नाही. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्झी शहरात, भर कार्यक्रमात, नीट अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. व्यावसायिक बँड, व्यावसायिक मंच, तरीही.

मग करायचं काय? बघा:

• वायरमन बोलावून अंगणातल्या बोर्डापर्यंत अर्थ येतो का ते तपासून घ्या. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थ यांमध्ये साधारण फेज-न्यूट्रल इतकंच व्होल्टेज दिसायला हवं, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट. पण मल्टिमीटर इतकंच सांगतो की वायर कुठेतरी जोडलेली आहे. अर्थचा खड्डा किती चांगला आहे ते अर्थ टेस्टरनेच कळतं. समुद्राजवळ पट्टी आणि नटबोल्ट गंजतात, म्हणून दर वर्षी हंगामाआधी हे बघून घ्यायचं.

• त्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. अंगातून वीज जाऊ लागली की तो क्षणात लाइन तोडतो. अर्थिंगला तो पर्याय नाही, जोड आहे.

• अँप आणि मिक्सर एकाच बोर्डातून चालवा. एक ओटीवरून, दुसरा स्वयंपाकघरातून असं नको.

• हम येतो म्हणून जाड पिन कधीही काढू नका.

हे होईपर्यंत मुलाने एकाच वेळी गाणं-वाजवणं थांबवावं, एवढं माझं ऐका. अँप एक महिना उशिरा आला तरी चालेल.

१०० वॅट म्हणजे ५० वॅटच्या दुप्पट मोठा आवाज?

नाही. आणि दुकानात सगळ्यात जास्त पैसे याच समजुतीपायी जातात.

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ऐकणाऱ्याला तो "किंचित मोठा" वाटतो. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. थोडक्यात, १०० वॅटचा अँप १० वॅटच्या दुप्पट मोठा वाटेल, दहापट नव्हे.

दुसरा आकडा स्पीकरचा. त्याच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' लिहिलेली असते: १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. गिटारच्या बारा इंची स्पीकरमध्ये ती बहुधा ९६ ते १०० असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. आपण ९७चा स्पीकर धरू आणि काकांच्या अंगणात चालत जाऊ:

१ मीटरवर ९७
२ मीटरवर ९१
४ मीटरवर ८५
८ मीटरवर ७९
१६ मीटरवर ७३
३२ मीटरवर ६७

हे फक्त १ वॅटवर, बरं का. दोन माणसं शेजारी बसून साधं बोलतात तेव्हा आवाज ६०च्या आसपास असतो. म्हणजे आठ मीटरवर शेवटच्या खुर्चीतल्या पाहुण्याला ७९ डेसिबल म्हणजे गाणं छान, भरून ऐकू येतंय. गिटारचा जोरकस ठोका सरासरीपेक्षा दहा-बारा डेसिबल वर उडी मारतो, त्या उडीसाठी जागा ठेवायची. म्हणून दहापट ते वीसपट: १० ते २० वॅट. स्वच्छ, न फाटणारा सूर हवा असेल तर ३० धरा. काकांच्या अंगणाचं गणित इथे संपलं.

मग दुकानदार खोटं बोलला का? तसंही नाही. मोठ्या मैदानात, ढोल-ड्रम्सबरोबर, माइक न लावता वाजवायचं असेल तर मोठ्या अँपला अर्थ आहे. पण तिथेही आजकाल छोट्या अँपसमोर माइक लावून आवाज मोठ्या साउंड सिस्टिममधून सोडतात.

कुंपणापलीकडचा हिशेब

हीच आकडेमोड उलट बाजूनेही करायला हवी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि त्या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये.

वरचा तक्ता परत बघा. १ वॅटवर बत्तीस मीटर लांब ६७. मोजणी डीबी-ए पद्धतीने होते, तीत खर्जाचे सूर कमी धरले जातात, आणि गाणं सतत पूर्ण जोरात नसतं, हे सगळं मान्य. तरीही १०० वॅटचा अँप तिथे कधी चारवर सुद्धा फिरवता येणार नाही हे उघड आहे. शेजारी लहान मूल झोपलेलं असतं, पहाटे होडीवर जायचं असतं कुणाला. मागे डोंगरात फणसाड अभयारण्य आहे. पाहुणे रविवारी परत जातात, शेजारी तिथेच राहतात.

एक युक्ती सांगतो. बारा इंची स्पीकरचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. अँप जमिनीवर ठेवला की झोत वाजवणाऱ्याच्या गुडघ्यावर पडतो, त्याला वाटतं आवाज कमी आहे, आणि तो वाढवत जातो. अँप खुर्चीवर किंवा तिरक्या स्टँडवर ठेवा, पाठ घराच्या भिंतीला, तोंड पाहुण्यांकडे. आवाज न वाढवता सगळ्यांना नीट ऐकू येईल.

ट्यूब, ट्रान्झिस्टर की मॉडेलिंग?

ट्यूब अँपचा सूर मलाही आवडतो. पण त्याची गंमत ट्यूब तापून आवाज जरा वर गेल्यावरच येते. अंगणात ती पातळी गाठता येत नाही. शिवाय वजन, ट्यूब बदलण्याचा खर्च, आणि व्होल्टेज खालीवर होणारी लाइन. शेवटचा मुद्दा किनाऱ्यावर मोठा. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडमधली कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. एरवीही लाइन जाते-येते, मग इन्व्हर्टर किंवा जनरेटर. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर अँपमध्ये गुणगुण येतेच. साइन वेव्हचा असेल तर चालतं.

ट्यूब अँपच्या आत, प्लग काढल्यानंतरही, कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास साठलेले असू शकतात. घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उघडायची वस्तू नव्हे ती.

ट्रान्झिस्टर अँप सोशिक. रोलँडचा जेसी-१२० हा १९७५ पासूनचा प्रसिद्ध नमुना: बारा इंची दोन स्पीकर, स्वच्छ सूर, आतच कोरस. पण काकांच्या कामाला तो मोठा आणि जड.

मॉडेलिंग अँप म्हणजे वेगवेगळ्या अँपचे आणि पेडल्सचे सूर आतल्या चिपवर तयार करणारा. बॉसचा कटाना-५० उदाहरणादाखल घ्या: बारा इंची एक स्पीकर आणि मागे ताकदीचा खटका, अर्धा वॅट, पंचवीस, पन्नास. अर्ध्या वॅटवर मुलगा घरात रात्री सराव करेल, पंचवीसवर अंगण भरेल. याच जातीचे इतरही अँप बाजारात आहेत. माझा आग्रह त्या एका नावाचा नाही, या तीन गोष्टींचा आहे: बारा इंची स्पीकर, ताकद कमी करायची सोय, आणि मिक्सरकडे जाणारा आउटपुट.

मामाने किंवा आत्याने अमेरिकेतून आणलेला अँप मिळत असेल तर मागची पट्टी वाचा. १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३०ला सरळ लावला की संपला. त्याला अँपच्या वॅटपेक्षा चांगला मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

कॅबिनेट घ्यायचंच झालं तर

काकांना आत्ता लागणार नाही, पण बऱ्याच श्रोत्यांचा हाच प्रश्न असतो, म्हणून थोडक्यात.

पहिलं ओहम. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ होतात, एकामागे एक जोडले की १६. ट्यूब हेडच्या मागे जो आकडा निवडलाय तोच कॅबिनेटचा हवा. आणि ट्यूब हेड स्पीकर न जोडता कधीही चालू करून वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. ट्रान्झिस्टर अँपवर 'कमीत कमी ८ ओहम' लिहिलं असेल तर १६ चालतो, फक्त ताकद साधारण निम्मी होते. ४ मात्र लावायचा नाही.

दुसरं वॅट. कॅबिनेटची क्षमता म्हणजे स्पीकरांची बेरीज: २५चे दोन म्हणजे ५०. ट्यूब हेड फाटेस्तोवर वाजवला की लिहिलेल्या वॅटपेक्षा बराच जास्त देतो, म्हणून कॅबिनेट दुप्पट क्षमतेचं घेतात.

तिसरं पाठ. मागून उघडं कॅबिनेट आवाज दोन्हीकडे सोडतं, सूर मोकळा वाटतो. बंद कॅबिनेट पुढेच फेकतं, खर्ज घट्ट येतो.

चौथं केबल. हेड आणि कॅबिनेटमध्ये गिटारची केबल वापरायची नाही. दोन्हींचा जॅक सारखाच दिसतो, पण गिटारच्या केबलमधली मधली तार बारीक असते, ती तापते. स्पीकरसाठी जाड दोन तारांची वेगळी केबल येते.

गाण्याचं काय?

गिटारचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर फारसं वाजवत नाही. इलेक्ट्रिक गिटारला तेच शोभतं. पण माणसाच्या आवाजातले स, श, त तिथेच असतात. म्हणून गिटारच्या अँपमध्ये माइक लावला की तोंडावर गोधडी घेऊन गातोय असं वाटतं. पिकअपवाल्या अकूस्टिक गिटारचंही तेच रडगाणं. मुलाच्या आवाजासाठी छोटा मिक्सर आणि एक पॉवर्ड स्पीकर हवा. दुकानातल्या यादीत हे नव्हतंच, आणि पाहुणे ऐकायला येतात ते गाणं! चार स्पीकरच्या कॅबिनेटचे वाचलेले पैसे इथे लावा.

पेडल्स: तीनच

ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, डिले. बस. मॉडेलिंग अँप घेतला तर पहिल्या वर्षी फक्त ट्यूनर. दमट संध्याकाळी तारा उतरतात, त्यामुळे ट्यूनर ही चैन नाही.

जोडायचा क्रम असा: गिटार, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, मग कोरससारखे परिणाम, मग डिले, शेवटी रिव्हर्ब. कारण सोपं. आधी सूर कुरकुरीत करायचा, मग त्याचा प्रतिध्वनी. उलटं केलं तर प्रतिध्वनीच कुरकुरतो आणि सगळा चिखल होतो.

डिलेचा वेळ अंदाजाने फिरवू नका. ६०,००० भागिले गाण्याची लय. मिनिटाला १०० ठोके असतील तर एक ठोका ६०० मिलिसेकंद, पाऊण ठोका ४५०. कोळीगीताच्या झुलत्या ठेक्यात ठोक्याचा तिसरा भाग, म्हणजे २००, लावून बघा.

वीज: बहुतेक पेडल्स ९ व्होल्ट डीसीवर चालतात, मधली पिन ऋण. पण 'बहुतेक' म्हणजे सगळी नव्हे, प्रत्येकावरचं चित्र वाचा. उलटा ध्रुव किंवा जास्त व्होल्टेज लागलं की पेडल जातं. मग मिलिअँपिअरची बेरीज करा. साधा ओव्हरड्राइव्ह दहा-वीस खातो, डिजिटल डिले शंभरच्या पुढेही जातो. अडॅप्टर बेरजेपेक्षा मोठा हवा. डिजिटल पेडल आणि ओव्हरड्राइव्ह एकाच फांद्यांच्या वायरवर लावले की बारीक शिट्टी येऊ शकते, त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक पेडलला वेगळी वाट देणारा आयसोलेटेड पुरवठा.

खारी हवा

काशीदला अँप वाजवण्याने कमी आणि हवेने जास्त खराब होतो. वाजवून झाल्यावर अँप थंड होऊ द्या, मग कापडी खोळ घाला. गरम असतानाच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला की आत पाणी सुटतं. वाळूवर ठेवायचा झाला तर खाली पाट किंवा फळी. खोलीत तळमजल्यावर भिंतीला चिकटवून नको. जून ते सप्टेंबर कार्यक्रम नसले तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा, सगळे खटके आणि बटणं फिरवा. नॉब खरखरायला लागला की कॉन्टॅक्ट क्लीनर, खोबरेल तेल नव्हे. हसू नका, पाहिलंय मी.

मग काका, तुमची यादी

एक, अर्थिंग आणि आरसीसीबी. दोन, गाण्यासाठी मिक्सर आणि पॉवर्ड स्पीकर. तीन, २५ ते ५० वॅटचा, बारा इंची एका स्पीकरचा मॉडेलिंग अँप. चार, दोन चांगल्या गिटार केबल्स आणि ट्यूनर. बाकी पेडल्स पुढच्या दिवाळीला, मुलाला काय कमी पडतंय हे तो स्वतः सांगेल तेव्हा.

खरेदीला मुंबईत धोबी तलावला जा किंवा पनवेल-पुण्याला, पण मुलाला आणि त्याची स्वतःची गिटार बरोबर न्या. दुकानातल्या महागड्या गिटारवर कुठलाही अँप गोड लागतो. आवाज आधी दोनवर ठेवून ऐका, कारण तुमच्या अंगणात तो तिथेच राहणार आहे. आणि उचलून बघा. भाऊच्या धक्क्यावरून गाडी रो-रोत घालून मांडव्याला उतरवली तर ठीक, पण गेटवेच्या लाँचने आलात तर पुढे अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई करत काशीदपर्यंत तो खोका तुम्हालाच सांभाळायचाय. एका हाताने उचलता येईल असाच अँप दर शनिवारी खोलीतून बाहेर येतो.

वायरमन येऊन गेला की मीटरवर काय आकडे आले ते मला नक्की कळवा. अँपचं मॉडेल नंतर कळवलंत तरी चालेल.